गिरडच्या टेकडीवरचा माल

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातले गिरड विदर्भात ओळखले जाते ते टेकडीवरच्या बाबा फरीद यांच्या दरग्यामुळे. या टेकडीच्या अंगावर गोल, लांबट, खडबडीत दगड विखुरलेले आहेत. काही नारळासारखे, काही सुपारी-जायफळाच्या आकाराचे. फोडला तर एखाद्याच्या पोटात पांढरे स्फटिक चमकतात. नव्या माणसाला ते दाखवताना जुनी माणसे सांगतात, हा एका तांड्याचा माल आहे.

मध्य प्रांताचे गॅझेटियर चार्ल्स ग्रँट यांच्या संपादनाखाली १८७० साली प्रसिद्ध झाले. त्यात ही कथा थोडक्यात आली आहे. टेकडीवर ख्वाजा शेख फरीद नावाचे फकीर राहत. तीस वर्षे भटकंती करून ते १२४४ साली इथे स्थिरावले, अशी समजूत होती. त्या वाटेने नारळ आणि इतर माल घेऊन बंजारी व्यापारी चालले होते. त्यांनी म्हाताऱ्या फकिराची टिंगल केली आणि बैलांवरचा सगळा माल दगड झाला. घाबरलेल्या व्यापाऱ्यांनी क्षमा मागितली. फकिराने वाळकी पाने उचलून त्यांतून त्यांना नवा माल करून दिला. ते पाहून व्यापारी इतके दिपले, की पुढे गेलेच नाहीत. फकिराच्या सेवेत ते तिथेच राहिले.

कथेत माल म्हणून नारळ यावा, हे लक्षात घेण्यासारखे आहे. वर्धेच्या काळ्या मातीत कापूस पिकतो, ज्वारी पिकते, नारळ पिकत नाही. तो समुद्राकाठाहून यायचा, घाट चढून, शेकडो कोस बैलाच्या पाठीवरून. इकडच्या गावांत नारळ लागायचा तो मुख्यतः देवापुढे फोडायला, ओटी भरायला, लग्नात नवरदेवाच्या हाती द्यायला. म्हणजे हे व्यापारी ज्या मालावर पोट भरत होते, तो माल लोकांच्या भक्तीवरच खपत होता. आणि त्यांनी टिंगल केली ती भक्तीत आयुष्य घालवलेल्या एका निष्कांचन माणसाची. कथा रचणाऱ्याच्या मनात हे होते की नाही, ते ठरवता येत नाही. ऐकणाऱ्याला मात्र ते बोचल्याशिवाय राहत नाही.

तांड्याशिवाय त्या काळच्या व्यापाराची कल्पनाच करता येत नाही. सतराव्या शतकातला फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने वर्णन केलेले बंजाऱ्यांचे तांडे दहा-बारा हजार बैलांचे आहेत. तांदूळ, धान्य, डाळी आणि मीठ यांची वाहतूक त्यांच्याकडे होती. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला तर तो जाईपर्यंत प्रवाशांना दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे, असे तो सांगतो. बंजाऱ्यांच्या परंपरेत भंगी आणि जंगी या नायकांचे नाव आजही घेतले जाते. शहाजहानच्या फौजा आसफखानाबरोबर दक्षिणेत उतरल्या तेव्हा या दोघांकडे १ लाख ८० हजार बैल होते, असे ती परंपरा सांगते. फौजेला दाणागोटा पुरवणारे आणि गावाला मीठ पोहोचवणारे लोक एकच होते.

अशा लोकांच्या तोंडी टिंगल आणि माथी शिक्षा घालणारी कथा गावात बसून शेती करणाऱ्यांनी सांगितलेली आहे, हे विसरून चालत नाही. वाटेवरच्या माणसाकडे गाव नेहमीच थोड्या संशयाने पाहत आले आहे. त्या संशयाचे पुढे इंग्रजांच्या राज्यात फार वाईट रूप झाले. १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली आणि लदेणीचा, म्हणजे बैलांवरून माल वाहण्याचा, धंदा मोडत गेला. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि देशाच्या अनेक भागांत भटक्या जमातींवर जन्माने गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ साली रद्द झाला. बंजारा समाजाची स्वतःची भक्तिपरंपरा मोठी आहे. १७३९ साली जन्मलेले संत सेवालाल महाराज आणि वाशीम जिल्ह्यातले पोहरादेवी ही तिची दोन श्रद्धास्थाने सर्वांना ठाऊक आहेत. म्हणून गिरडची कथा एखाद्या जातीवरचा ठपका म्हणून वाचणे अन्यायाचे ठरेल. शिवाय त्या कथेतले बंजारी अखेर टेकडीवरचे सगळ्यात निष्ठावान भक्त ठरतात.

आता १२४४ या सालाकडे वळू. तेव्हा या मुलखावर देवगिरीच्या यादवांचे राज्य होते आणि गादीवर सिंघण होता. अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवरची पहिली स्वारी व्हायला अजून पन्नासेक वर्षे होती. ऋद्धिपूरला गोविंदप्रभू होते आणि त्या शतकातच चक्रधरस्वामींची भ्रमंती या भागात झाली. राजाच्या सैन्याआधी एखादा एकटा फकीर इतक्या आत येऊन राहिला असेल, हे अशक्य नाही. सुफी साधू तलवारीच्या मागेच आले, हा समज सरसकट खरा नाही.

पण हे फरीद कोण? लोकमानसात ते पंजाबचे प्रसिद्ध बाबा फरीद, म्हणजे शेख फरीदुद्दीन गंज-ए-शकर. मुलतानजवळ जन्मलेले, दिल्लीच्या कुतुबुद्दीन बख्तियार काकींचे शिष्य, निजामुद्दीन औलियांचे गुरू. त्यांचे उत्तरायुष्य अजोधनला गेले. आजचे ते पाकपट्टण, आणि त्यांची कबरही तिथेच आहे. त्यांच्या नावाची वाणी शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहे. चिश्ती परंपरा दक्षिणेत रुजली ती त्यांच्या नातशिष्याच्या पिढीत. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब दौलताबादला आले आणि १३३७ साली खुलताबादेत त्यांचे देहावसान झाले. खुद्द बाबा फरीद गिरडला आले होते, असे इतिहासाच्या बळावर म्हणता येत नाही. त्यांच्या नावाची, त्यांच्या स्मरणाची जागा इथे होती, एवढे पुरेसे आहे. मोहरमच्या पाच तारखेला त्यांचे निधन झाले आणि गिरडची गर्दीही मोहरमच्या दिवसांतली आहे.

पाकपट्टण आणि गिरड या दोन जागांना जोडणारा त्याहून भक्कम धागा कथेतच सापडतो. बाबा फरीदना ‘गंज-ए-शकर’, साखरेचा ठेवा, हे नाव का मिळाले याच्या अनेक आख्यायिका आहेत. त्यांतली एक अशी, की अजोधनवरून उंटांवर साखरेच्या गोण्या लादून एक व्यापारी दिल्लीला चालला होता. फरीदबाबांनी चिमूटभर साखर मागितली. देणे टळावे म्हणून तो म्हणाला, गोण्यांत मीठ आहे. बाबा म्हणाले, मीठ असेल तर मीठच असो. मुक्कामी पोहोचून गोण्या सोडल्या तर आत मीठ. व्यापारी रडत परत आला, पाया पडला आणि मिठाची पुन्हा साखर झाली. गिरडची कथा ही त्याच कथेची विदर्भात वाढलेली फांदी आहे, असे मानायला पुष्कळ जागा आहे. उंटांच्या जागी बैल आले, साखरेच्या जागी नारळ आले. ज्या मुलखात जे वाहन आणि जे मोलाचे, ते कथेत शिरले.

मराठी घरातल्या माणसाला यावर आणखी एक कथा आठवायला हवी, आणि ती तर दर श्रावणात कानावर पडणारी आहे. सत्यनारायणाच्या पोथीतला साधुवाणी. मूल झाले तर पूजा करीन म्हणाला, कलावती जन्मली, तेव्हा म्हणाला तिच्या लग्नात करीन. लग्न झाले आणि नवस राहूनच गेला. चोरीच्या खोट्या आळाने तो जावयासह तुरुंगात पडला. सुटून धनाने भरलेली नाव घेऊन निघाला, तेव्हा दंडी संन्याशाच्या वेषात देवाने विचारले, नावेत काय आहे? वाणी हसून म्हणाला, वेली आणि पाने. नावेत खरोखर वेली-पानेच उरली. त्याने शरण जाऊन क्षमा मागितली आणि धन परत आले. नाव गावाजवळ आल्यावर कलावती नवऱ्याला भेटायच्या घाईत प्रसाद टाकून धावली, तर नावेसह नवरा दिसेनासा झाला. ती परत फिरली, प्रसाद घेतला आणि सगळे पुन्हा दिसू लागले.

साखर, मीठ. नारळ, दगड, पाने. धन, पाने. तिन्ही कथांत व्यापारी आहे, वाटेवरचा साधू आहे आणि तोंडातून सहज निसटलेले एक खोटे किंवा उद्धट वाक्य आहे. बंगालमध्ये तर सत्यपीर आणि सत्यनारायण ही एकाच दैवताची दोन नावे म्हणून नांदली. हिंदू आणि मुसलमान कवींनी त्याच्या कथा रचल्या आणि त्यांतही समुद्रावर जाणारे व्यापारी आहेत. कोणती कथा कोणापासून निघाली हा वाद अभ्यासकांनी घालावा. तांडे, जहाजे आणि फकीर एकाच रस्त्यांवरून हिंडत होते आणि मुक्कामाच्या शेकोटीपाशी एकमेकांचे ऐकत होते, यात शंका नाही.

या कथांतला देव कशाला चिडतो, हेही पाहावे. व्यापारी कोणत्या धर्माचा आहे हे त्याला विचारावेसे वाटत नाही. साधुवाण्यावर पहिले संकट येते ते बोललेला शब्द पुढे ढकलत गेल्यामुळे. मिठाचा व्यापारी अडकतो तो चिमूटभर द्यायचे टाळल्यामुळे. गिरडचे बंजारी अडकतात ते एका गरिबाला हसल्यामुळे. देवापासून दूर जाणे म्हणजे काय, याचे उत्तर या सांगणाऱ्यांनी वागण्यात शोधले. आजही विदर्भात नवस बोललेला माणूस तो फेडेपर्यंत बेचैन असतो. तो देवीचा असो की दरग्याचा, घरातली म्हातारी त्याची आठवण करून देतेच. या बेचैनीला नुसते भय म्हणणे अपुरे आहे. दिलेल्या शब्दाची ती जाण आहे आणि तिने कितीतरी संसार सावरले आहेत.

दगडांची दुसरी गोष्टही खरी आहे आणि तिच्यामुळे पहिली उणी होत नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे थरांवर थर पसरले. थिजणाऱ्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत जिओलाइट आणि गारेसारखी खनिजे साचवली. पुढे बेसॉल्ट झिजून त्याची काळी माती झाली आणि पोकळ्यांतले कठीण गोळे सुटे होऊन उतारावर पडले. नागपूर परिसरातल्या या खडकांचा आणि त्यांतल्या जीवाश्मांचा पहिला तपशीलवार अभ्यास करणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप होते, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आहे. ते स्कॉटलंडहून आलेले धर्मोपदेशक. १८६३ साली टाकळघाटजवळ ओढ्याच्या पुरात बुडून ते गेले. निसर्गाचा हिशेब आणि देवावरची निष्ठा त्यांच्या आयुष्यात शेजारी-शेजारी राहिली. गिरडच्या टेकडीवरही ती दोन्ही तशीच राहतात.

गिरडच्या कथेत मात्र एक गोष्ट आहे, जी पाकपट्टणच्या कथेत नाही आणि पोथीतही नाही. तिथे मीठ परत साखर होते, पाने परत धन होतात. चूक जणू घडलीच नव्हती, असे सगळे पूर्ववत होते. गिरडला दगडांचे पुन्हा नारळ होत नाहीत. बिघडलेला माल बिघडलेलाच राहतो आणि व्यापाऱ्यांना जे मिळते ते वेगळे, नवे, पाचोळ्यातून घडलेले. क्षमा मिळूनही झालेले नुकसान डोळ्यांसमोर पडून आहे. ज्यांनी आयुष्यात कुणाचा विश्वास मोडून पुन्हा जोडला आहे, त्यांना या तपशिलाचे मोल सांगावे लागणार नाही. आणि नवा माल हाती आल्यावरही व्यापारी बाजाराकडे निघत नाहीत. साधुवाणी घरी जातो, दिल्लीचा व्यापारी दिल्लीला जातो, गिरडचे बंजारी राहतात. धंदाच फिरण्याचा असलेल्या माणसांनी थांबणे, याहून मोठे दान त्यांच्याजवळ नव्हते.

दरग्याच्या टेकडीखालच्या गावात राममंदिरही आहे आणि रामनवमीला तिथे भाविक जमतात. दोन्ही ठिकाणी जाणारी घरे पंचक्रोशीत आहेत. कथा ऐकवताना मात्र पुष्कळदा ती माल दगड झाल्यापाशीच संपवली जाते, कारण दगड दाखवता येतात आणि वाळकी पाने केव्हाच वाऱ्यावर गेली. १८७० च्या त्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये, जिथे गावांच्या वर्णनाला मोजक्या ओळी मिळत, पानांचा प्रसंगही आहे आणि व्यापाऱ्यांचे राहणेही. शाळेची सहल टेकडीवर आली की मुलांना कथा सांगणाऱ्यांनी निदान तेवढी तरी पूर्ण सांगावी.