मोटारगाडीचे सुटे भाग व घरगुती दुरुस्ती : अहेरी वनप्रदेश

मोटारगाडीचा झिजलेला वा मोडलेला भाग निर्मात्याच्या अधिकृत कर्मशाळेत न जाता मालकाने, चालकाने किंवा गावातील कारागिराने स्वतः सोडविणे आणि त्याच्या जागी दुसरा बसविणे, यास येथे घरगुती दुरुस्ती म्हटले आहे. मोटारगाडीच्या इतिहासग्रंथांत या कामाची नोंद बहुधा छंद वा काटकसर म्हणून होते. मोठ्या शहरांपुरते ते बरोबरही असेल. परंतु महाराष्ट्राच्या पूर्व टोकास, प्राणहिता नदीच्या काठी वसलेल्या अहेरीसारख्या ठिकाणी या विषयाचे स्वरूप निराळे आहे. चंद्रपूर व गडचिरोली ही दोन्ही जिल्ह्यांची ठिकाणे येथून सुमारे शंभर किमी. वा अधिक अंतरावर आहेत. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की अहेरीच्या पलीकडील भामरागडकडचा रस्ता बंद पडतो. अशा प्रदेशात पंख्याचा पट्टा तुटला तर तो तेथेच बदलता येतो की नाही, यावर रुग्ण दवाखान्यात पोहोचणे किंवा न पोहोचणे अवलंबून राहते.

एक भाग काढून दुसरा बसविता येण्यासाठी दोन्ही भाग एकाच मापाचे असावे लागतात. आज ही गोष्ट गृहीत धरली जाते. पण ती साध्य होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लांक याने बंदुकीच्या चापाचे भाग परस्परविनिमेय करण्याचा प्रयत्न केला. अमेरिकेत या कल्पनेचे श्रेय एली व्हिटनी यास दीर्घकाळ दिले गेले. त्याने १८०१ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांसमोर केलेले प्रात्यक्षिक प्रसिद्ध आहे; तथापि त्याच्या बंदुकांचे भाग प्रत्यक्षात एकमेकांशी जुळत नसत, असे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. मोटारगाडीच्या बाबतीत निर्णायक परीक्षा १९०८ साली इंग्लंडमध्ये ब्रुकलंड्स येथे झाली. कॅडिलॅकच्या तीन गाड्या पूर्ण सोडविण्यात आल्या, त्यांचे सर्व भाग एकत्र मिसळण्यात आले, त्यांतील ८९ भाग बाजूला काढून विक्रेत्याच्या साठ्यातील नवे भाग घेण्यात आले आणि पाने, पेचकस, हातोडी व पकड एवढ्या साध्या हत्यारांनी तीन गाड्या पुन्हा उभारण्यात आल्या. त्या प्रत्येकी ५०० मैल धावल्या. कानशीने घासून भाग जुळविणाऱ्या कुशल कारागिराशिवाय मोटार उभी राहू शकते, हे या परीक्षेने सिद्ध झाले. त्याच वर्षी बाजारात आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ने हीच गोष्ट सामान्य ग्राहकाच्या अंगणात आणली.

भारतात प्रारंभी मोटारी तयार होत नसत; परदेशातून आलेल्या भागांची येथे केवळ जुळणी होई. फोर्डने १९२६ मध्ये आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये (मुंबईत शिवडी येथे) जुळणीचे कारखाने सुरू केले. भाग परदेशी असल्यामुळे मोडलेल्या भागाची वाट बोटीने येईपर्यंत पाहावी लागे आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तीही वाट जवळजवळ बंद झाली. पुढे १९५३ च्या जकात आयोगाच्या शिफारशीवरून, देशात उत्पादन करण्याची योजना नसलेल्या कंपन्यांना राहण्यास वाव उरला नाही. १९५४ मध्ये फोर्ड व जनरल मोटर्स यांनी भारतातील काम बंद केले. हिंदुस्थान मोटर्स (स्थापना १९४२), वालचंद हिराचंद यांची कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स (१९४४), जीप जुळविणारी महिंद्र आणि १९५४ पासून डाइमलर-बेंझच्या सहकार्याने मालमोटारी काढणारी टाटांची टेल्को, अशी मोजकी नावे उरली. भागांचे उत्पादनही देशात होऊ लागले. बंगलोरची ‘मायको’ (१९५१) ठिणगी गुडद्या व डीझेल एंजिनाची अंतःक्षेपण सामग्री, तर मद्रासची लुकास-टीव्हीएस (१९६१) विद्युत् सामग्री पुरवू लागली.

या बंदिस्त बाजारपेठेवर पुष्कळ टीका झाली आहे व ती योग्यच आहे. १९५७-५८ मध्ये आलेली अँबॅसडर २०१४ पर्यंत आणि १९६४ ची फियाट ११०० डिलाइट पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने २००० च्या सुमारापर्यंत निघत राहिली. ग्राहकाला नवे काही मिळाले नाही. परंतु आडवळणाच्या गावातील कारागिराच्या दृष्टीने पाहिले असता या साचलेपणाचा एक लाभ दिसतो. त्याला तीन-चारच यंत्रे शिकावयाची होती आणि एकदा शिकलेले तीस वर्षे उपयोगी पडत होते. जुन्या मोडीत काढलेल्या गाडीचा भाग नव्या गाडीला चाले. अडचण येई ती आट्यांची. फियाटचे नट-बोल्ट दशमान मापाचे. जीप व अँबॅसडर यांचे इंची मापाचे. त्यामुळे कारागिराजवळ पान्यांचे दोन संच लागत. एकाचा पाना दुसऱ्याच्या नटावर चालविला की नटाचे कोन गोल होत आणि मग छिन्नी-हातोडीवाचून गत्यंतर उरत नसे.

अहेरी ही ब्रिटिश काळात चांदा जिल्ह्यातील मोठी जमीनदारी होती. आलापल्लीच्या सागवानाची ख्याती दूरवर होती. मोटारीपूर्वी येथील लाकूड बैलगाड्यांनी ओढले जाई व प्राणहिता-गोदावरीच्या पाण्यावर सोडूनही वाहून नेले जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याने मोडीत काढलेल्या जीपगाड्या व मालमोटारी देशभर लिलावात विकल्या गेल्या. ‘डिस्पोजलची गाडी’ हा शब्द त्या काळातला आहे. युद्धभूमीवर मेकॅनिकने उघड्यावर दुरुस्त करावी, अशाच हेतूने रचलेली जीप जंगलातील कामास सोयीची ठरली, यात नवल नाही. १९५१ मध्ये जमीनदारी संपुष्टात येऊन येथील जंगले शासनाकडे आली. १९५६ मध्ये हा भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी नव्याने झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात आला. ओंडके जंगलातून ओढण्यासाठी वनखात्याचे हत्ती होते (अहेरी तालुक्यातील कमलापूरचा हत्तीतळ आजही आहे); रस्त्यावरील वाहतूक मात्र मालमोटारीने ताब्यात घेतली.

या प्रदेशात मोटारीचे कोणते भाग अधिक झिजतात, हे येथील भूगोल ठरवितो. पहिला क्रमांक पाटा-कमानींचा. खाचखळग्यांतून लाकडाचे ओझे वाहताना कमानीचा मुख्य पाटा तुटतो किंवा सर्व पाटे एकत्र धरणारा मधला बोल्ट कापला जातो. पाटा बदलताना केवळ जॅकवर भिस्त ठेवणे जीवावर बेतू शकते. म्हणून चौकटीखाली लाकडी ठोकळे रचून भार त्यांवर घ्यावा लागतो. नंतर इंग्रजी ‘यू’ आकाराचे बोल्ट सोडवून कमान खाली घेतात, तुटका पाटा काढून तेवढाच नवा घालतात आणि दाबकात पाटे आवळून मधला बोल्ट बसवितात. तुटका पाटा वाया जात नाही. सिलिकॉन व मँगॅनीज असलेले हे पोलाद लोहाराच्या भट्टीत तापवून त्याची कुऱ्हाड, विळा किंवा कोयता होतो व पाणी दिल्यावर त्याची धार टिकते. ज्या जिल्ह्यात कधीकाळी देशी भट्ट्यांतून लोखंड गाळले जात असे, तेथील कारागिरास हे पोलाद मोटारीच्या मार्गाने मिळाले.

दुसरे कारण पाणी. पूल नसलेल्या नाल्यातून पेट्रोल जीप नेण्यापूर्वी जाणता चालक पंख्याचा पट्टा सैल करून उतरवतो. पंखा फिरत राहिला तर तो पाणी उडवून वितरकावर व ठिणगी गुडद्यांवर मारतो आणि एंजिन प्रवाहाच्या मध्यभागी बंद पडते. पलीकडे गेल्यावर पट्टा पुन्हा चढवावयाचा. अन्यथा थंडावणारे पाणी खेळत नाही व एंजिन तापते. खोल पाण्यातून गेलेल्या गाडीच्या मागील आसातील गिअरपेटीत पाणी शिरले असेल तर तेथील तेल दुधाळ होते. ते त्याच दिवशी बदलले नाही तर धारवे गंजतात. चाकांच्या धारव्यांतील वंगणही काढून नवे भरावे लागते. ही सर्व कामे अंगणात होऊ शकतात.

तिसरे कारण उष्णता. उन्हाळ्यात या भागातील तापमान ४५° से.च्या आसपास जाते. जुन्या पेट्रोल गाड्यांतील पंप एंजिनालाच जोडलेला असल्यामुळे नळीतील पेट्रोलाची वाफ होऊन पुरवठा खुंटतो. पंपावर ओले फडके गुंडाळून वाफ पुन्हा द्रवरूप करणे हा त्यावरचा सर्वपरिचित उपाय होय. गळणाऱ्या रेडिएटरमध्ये हळद टाकणे, पेट्रोलच्या टाकीच्या भेगेत साबण दाबून बसविणे हेही याच जातीचे उपाय. त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. ते भाग बदलण्याचे पर्याय नव्हेत, नवा भाग मिळेपर्यंतची तजवीज होय. खरे कसब याहून सूक्ष्म कामांत दिसते. जोडावर घालावयाची गळरोधक पट्टी, म्हणजे गॅस्केट, मिळाली नाही तर जाड कागद ओतीव भागावर धरून गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने ठोकतात. कागद नेमक्या आकारात कापला जातो. वापरून कडक झालेली तांब्याची चकती लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडविली की पुन्हा मऊ होते व गळती थांबविते. वितरकातील स्पर्शकांमधील सु. ०·४ मिमी.चे अंतर मापपट्टी नसताना जाड कागदाच्या घडीने जमविणारे कारागीर होते. विश्वकोशातील पारिभाषिक संज्ञा त्यांच्या कानी पडल्या नसतील. ठिणगी गुडदीला ते ‘प्लग’ आणि स्पर्शकांना ‘पॉइंट’ म्हणतात. ज्ञान मात्र तेच.

घरगुती दुरुस्तीला मर्यादा होत्या व त्या डीझेल एंजिनाबरोबर स्पष्ट झाल्या. महिंद्रने १९७९ मध्ये प्यूजो कंपनीशी करार केल्यानंतर डीझेल जीप सर्वत्र पसरली. पुढे प्रवासी वाहतुकीच्या काळ्या-पिवळ्या गाड्या विदर्भाच्या खेड्यापाड्यांत त्याच एंजिनांवर धावल्या. डीझेल एंजिनात ठिणगी गुडदी, वितरक व कार्बुरेटर नसल्याने बिघाडाची तीन ठिकाणे कमी झाली. परंतु अंतःक्षेपण पंपाचे दट्टे इतक्या काटेकोर मापाचे असतात की, तो धुळीच्या अंगणात उघडणे म्हणजे निकामी करणे होय. त्याचे मापन चाचणी-मंचावरच होऊ शकते. पंप काढून तो शहरात पाठवावयाचा व तपासून आल्यावर बसवावयाचा, अशी कामाची वाटणी झाली. गतिरोधक व सुकाणू यांचे भाग केवळ अंदाजाने बसविणे कोणत्याही काळी गैरच होते. बनावट भागांचा सुळसुळाट याच बाबतीत सर्वांत घातक ठरतो.

राज्य परिवहन महामंडळाने या प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले. अहेरीच्या आगारात लहान दुरुस्त्या होतात, पण एंजिन किंवा गिअरपेटी यांसारखा संपूर्ण घटक उतरवून त्याच्या जागी आधीच दुरुस्त करून ठेवलेला घटक चढवितात आणि बिघडलेला घटक वरच्या कर्मशाळेत जातो. विदर्भासाठी नागपूरजवळ हिंगणा येथे महामंडळाची मध्यवर्ती कर्मशाळा आहे. गाडी दिवसेंदिवस उभी राहत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. खाजगी मालकाला ती परवडत नाही. त्याच्यापाशी राखीव एंजिन नसते.

इलेक्ट्रॉनिकीच्या प्रवेशाने या इतिहासाला कलाटणी मिळाली. १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज-४ व १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही उत्सर्जनाची मानके देशभर लागू झाली. हवा शुद्ध राहण्यासाठी ती आवश्यक होती, याबद्दल दुमत नसावे. मात्र त्यांबरोबर इंधनाचा पुरवठा संगणकीय नियंत्रकाच्या हाती गेला. बिघाड कानाने ओळखण्याऐवजी गाडीच्या निदान-जोडणीतून संकेतांक वाचावा लागतो आणि काही भाग बदलल्यावर नियंत्रकाला त्यांची ‘ओळख’ करून द्यावी लागते. ती करून देणारी आज्ञावली निर्मात्याकडे असते. अशा वेळी भाग हाती असूनही तो बसविता येत नाही, ही परिस्थिती पूर्वी नव्हती. याउलट संकेतांक वाचणारे स्वस्त उपकरण भ्रमणध्वनीला जोडता येते, त्यामुळे तरुण कारागिरांना काही दारे उघडलीही आहेत.

सुट्या भागांवरील निर्मात्यांची पकड हा भारतात कायद्याचा विषय झाला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना अस्सल सुटे भाग व निदान-उपकरणे खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल दोषी ठरवून सु. २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. त्याविरुद्ध अपिले झाली. अमेरिकेत मॅसॅचूसेट्स राज्याने २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मतदानाने स्वीकारला होता. दुसऱ्या बाजूने, ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ विनिर्देशाशी विसंगत असा बदल वाहनात करता येणार नाही, असे स्पष्ट केले. झिजलेल्या भागाच्या जागी तसाच भाग घालणे आणि गाडीचे मूळ स्वरूपच पालटणे, या दोहोंत फरक करणे भाग आहे; जुन्या जीपमध्ये भलतेच एंजिन बसविण्याची ग्रामीण प्रथा दुसऱ्या प्रकारात मोडते. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली व २४ डिसेंबर २०२२ रोजी यासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. शेती अवजारे, भ्रमणध्वनी व इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि घरगुती टिकाऊ वस्तू यांबरोबर मोटार-वाहने हे त्याचे चौथे क्षेत्र आहे. निर्मात्यांनी तेथे दुरुस्तीच्या पुस्तिका व सुट्या भागांविषयीची माहिती द्यावी, अशी अपेक्षा आहे.