घर पाडायचा हुकूम कोणाचा?

डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. नंदलाल बोस यांच्या कल्पनेतून बांबूचं टिळकनगर उभं राहिलं. आपल्या भागात ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. मला मात्र हल्ली त्यात एक वेगळाच प्रश्न दिसतो. तिथला एखादा मांडव पेटला असता, तर शेजारचा न पेटलेला मांडव पाडायचा हुकूम कोणी द्यायचा? विज्ञान सोपं आहे: मधलं जळण काढलं की आग थांबते. पण ते जळण दुसऱ्याच्या मालकीचं असतं. अग्निशमनाच्या कायद्याचा इतिहास इथूनच सुरू होतो.

लंडनचं उदाहरण घ्या. एखाद्याचं घर पाडून आग थांबवणं सर्वांच्या हिताचं असेल तर ते बेकायदा नाही, हे तिथल्या न्यायाधीशांनी 1606 मध्येच म्हणून ठेवलं होतं. तरी 1666 च्या मोठ्या आगीत शहराचा महापौर मालकांच्या संमतीशिवाय घरं पाडायला कचरला. राजाचा हुकूम आला तोवर आग हाताबाहेर गेली होती. म्हणजे अधिकार होता, पण आगीजवळ उभ्या असलेल्या माणसाला तो वापरायचं धाडस नव्हतं.

1865 च्या लंडन अग्निशमन कायद्याने नेमकं हेच दुरुस्त केलं. दार फोडायचा, इमारत पाडायचा अधिकार थेट जागेवरच्या अधिकाऱ्याला दिला. शिवाय एक हुशार तरतूद केली. दलाने आग विझवताना केलेलं नुकसान विम्याच्या दृष्टीने आगीनेच झालेलं नुकसान मानायचं. भरपाईची भीती गेली की हात थरथरत नाही.

आता मुंबईला या. इथे 1888 च्या महापालिका कायद्यात अग्निशमन दलाची तरतूद होती. पण 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं आणि कापसाच्या गासड्या. जहाज बुडवावं असं लष्कराच्या दारूगोळा अधिकाऱ्याचं मत पडलं. कप्तान, गोदीचे अधिकारी, अग्निशमन दल, सगळे तिथे होते. सल्ले उलटसुलट आले आणि बुडवण्याचा स्पष्ट हुकूम कोणीच दिला नाही. चारनंतर काही मिनिटांतच पहिला स्फोट झाला. 66 अग्निशमन जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतो. माझ्या मते तो दिवस एका न दिलेल्या हुकुमाचाही आहे.

दुसरा अधिकार तपासाचा. तो पहिल्यापेक्षा वेगळा, हे विसरू नका. आग जळत असते तोवर दार फोडायला परवानगी लागत नाही. विझल्यावर घर पुन्हा घरमालकाचं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये मिशिगनच्या एका फर्निचर दुकानाच्या खटल्यात ही रेघ ओढली: आग विझल्यावर कारण शोधायला वाजवी वेळ थांबा, नंतर परत यायचं असेल तर वॉरंट आणा. आपल्याकडे घातपाताचा संशय आला की पंचनामा पोलिसांचा, नमुने न्यायवैद्यक प्रयोगशाळेत. पण जागा सगळ्यात आधी पाहिलेला साक्षीदार अग्निशमन जवानच असतो, आणि त्याच्याच पाण्याने काही पुरावा वाहून गेलेला असतो.

महाराष्ट्राचा 2006 चा आग प्रतिबंधक कायदा डिसेंबर 2008 पासून लागू झाला. त्याने भर आगीच्या आधीच्या काळावर दिला: इमारतीची तपासणी, नोटीस, आणि दर जानेवारी-जुलैला यंत्रणा चालू असल्याचा दाखला. तीनशेहून अधिक वर्षांत कायदा आगीकडून आगीच्या आधी सरकला.

तुम्ही असा विषय घेणार असाल तर एक सांगतो. 'कलमात अधिकार होता' एवढ्यावर निष्कर्ष लिहू नका. तो कोणाच्या हातात होता, बिल कोण भरणार होतं आणि तो किती वेळ टिकत होता, हे तीन प्रश्न विचारा. 1666 आणि 1944 या दोन्ही वेळी खरं उत्तर तिथेच सापडतं.