संकेतस्थळाचे हस्तांतरण

व्यवसायाच्या संकेतस्थळाची देखभाल एका विकासकाकडून दुसऱ्याकडे सोपविण्याच्या प्रक्रियेस संकेतस्थळाचे हस्तांतरण म्हणतात. डोमेन नाव, होस्टिंग आणि मजकूर-छायाचित्रांचा साठा या त्यातील स्वतंत्र बाबी होत. रोहा तालुक्यातील धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या रसायन कारखान्याचे डोमेन विकासकाने स्वतःच्याच नावे नोंदविलेले असेल, तर पैसे कारखान्याचे असूनही नोंदणीधारक विकासक ठरतो. ही चूक बहुधा त्याच्याशी फारकत घेतानाच उमगते. '.इन' नावांची नोंदवही 'निक्सी' ही संस्था सांभाळते. डोमेन दुसऱ्या नोंदणीसेवेकडे नेण्यासाठी गुप्त अधिकार-संकेतांक लागतो, '.कॉम' नावे नोंदणीनंतरचे ६० दिवस सहसा हलविता येत नाहीत. कारखान्याचा ई-मेलही बहुधा त्याच डोमेनवर चालतो. त्याच्या नोंदी नव्या जागी उतरविल्या नाहीत, तर संकेतस्थळ सुरळीत दिसूनही ग्राहकांची मागणीपत्रे पोहोचत नाहीत.