जिनांतील आग आणि नळी धरणारे हात

दिवाळी उलटली कीं शिंदखेडा, दोंडाईचा या बाजूच्या जिनांच्या आवारांत कापसाचे ढीग पडूं लागतात. एका बाजूस मोकळा कापूस, मध्यें सरकी व रुई वेगळी करणारीं यंत्रें, पलीकडे दाबून बांधलेल्या गासड्या. आग या तिन्ही जागीं लागूं शकते, परंतु तिचा स्वभाव तिन्ही जागीं एक नाहीं. कापसाबरोबर आलेला खडा किंवा खिळा यंत्राच्या पोलादावर घांसला तर ठिणगी उडते आणि हवेंत तरंगणारे रुईचे तंतू डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं पेट घेतात. मोकळ्या ढिगावर ज्वाळा वाऱ्याच्या वेगानें पृष्ठभागावरून धांवते. गासडींत शिरलेला विस्तव मात्र आंतल्या आंत धुमसत राहतो व सर्वजण निर्धास्त झाल्यावर वर येतो. मोठा बंब कोठूनहि निघाला तरी तो दारांत येईपर्यंतचीं पहिलीं मिनिटें जिनांतल्या माणसांच्याच हातीं असतात.

त्याच मिनिटांसाठीं भिंतीवर तांबडें चाक बसविलेलें असतें. कारखान्यांत त्याला ‘होज रील’ याच नांवानें ओळखतात. चाकावर गुंडाळलेली १९ किंवा २५ मिलिमीटर व्यासाची, तीस-पस्तीस मीटर लांबीची रबरी नळी पाण्याच्या नळाला कायमची जोडलेली असते. बंबवाल्यांची चपटी नळी पूर्ण उलगडल्यावांचून चालत नाहीं व तिचा जोर सांवरण्यास एकाहून अधिक माणसें लागतात. चाकावरची नळी लागेल तितकीच ओढावी व एकट्यानें धरावी, अशी योजलेली आहे. योजना इतकी सोपी कीं तींत शिकण्यासारखें कांहीं नाहीं, असा समज सर्वत्र पसरला. आणि घात झाला तो येथेंच. झडप आधीं उघडावयाची कीं नळी आधीं ओढावयाची? जोराची धार मोकळ्या कापसावर मारली तर पेटलेला कापूस उधळून आग दूरवर जाते, तेथें फवाराच हवा. चालू विजेच्या यंत्रावर किंवा जळत्या तेलावर हें पाणी मारतां कामा नये. पाठ नेहमीं बाहेरच्या दाराकडे असावी. हें सारें भिंतीवरील फलक वाचून हाताला वळण लागत नाहीं. पोहण्याचें पुस्तक वाचून कोणी तापी ओलांडलेली ऐकिवांत नाहीं.

ही गोष्ट प्रथम ज्यांनीं ओळखली त्यांत जेम्स ब्रेडवुड याचें नांव येतें. इ. स. १८२४ सालीं एडिंबरो शहराचें अग्निशमन दल त्याच्या हातीं आलें, तेव्हां त्यानें सुतार, गवंडी, छपरें शाकारणारे अशा कारागिरांना निवडलें आणि पहांटेच्या अंधारांत त्यांचा सराव घेतला. परंतु ती विद्या बंबवाल्यांचीच राहिली. कारखान्यांतल्या मजुरापर्यंत ती पोंचण्यास फार काळ लागला. न्यूयॉर्क शहरांत २५ मार्च १९११ रोजीं ट्रँगल या शिवणकामाच्या कारखान्यांत कापडाच्या चिंध्यांना आग लागली. व्यवस्थापक नळीकडे धांवला. नळी हातीं आली, पाणी आलें नाहीं. नवव्या मजल्यावरील एका जिन्याचें दार बंद होतें. १४६ माणसें गेलीं. त्यांत बहुतेक तरुण मुली. नळी होती, पण ती कोणी कधीं चालवून पाहिली असती तर तिच्यांत पाणी नाहीं हें आधींच कळलें असतें.

खानदेशाची गोष्ट याहून निराळी नाहीं. ती केवळ अधिक लांबलेली आहे. हिंदुस्थानांतील पहिला कारखाने कायदा १८८१ चा. शंभर किंवा अधिक माणसें व वर्षांतून चार महिन्यांहून अधिक काम असेल तरच तो लागूं होई. जिनें हंगामी असल्यामुळें सहजच निसटत. पुढें १८८४ सालीं मुंबई सरकारनें नेमलेल्या चौकशी मंडळापुढें खानदेशच्या जिनांविषयीं जी साक्ष झाली ती आजहि वाचवत नाहीं. हंगामांत पहांटे चार-पांच वाजल्यापासून रात्रीं आठ-नऊपर्यंत मजूर यंत्रापुढें बसत आणि त्यांत बायकांचा भरणा मोठा असे. झोपेनें डोळे मिटत असलेल्या माणसाला ठिणगी दिसावी कशी? १९११ च्या कायद्यानें हंगामी कारखाने कक्षेंत आले. १९३४ च्या कायद्यानें ‘हंगामी’ व ‘बारमाही’ असे दोन वर्ग पाडून हंगामी मजुराला दिवसाचा एक तास अधिकच राबविला. हा भेद १९४८ च्या कायद्यानें मिटविला. त्याच कायद्यांत प्रथमच, आगीच्या वेळीं काय करावयाचें याचें पुरेसें शिक्षण मजुरास द्यावें, असें स्पष्ट कलम आलें. मात्र तें सर्वांसाठीं नव्हतें. वरच्या मजल्यावर विसांहून अधिक माणसें असतील, किंवा स्फोटक व अत्यंत ज्वालाग्राही माल असेल, तेथेंच तें लागूं. एकमजली जिनांतला कापूस या व्याख्येंत बसतो कीं नाहीं, यावर वाद घालण्यास जागा होती. प्रत्येक कारखान्याला हें कलम लागूं होण्यास १९७६ ची दुरुस्ती यावी लागली.

दरम्यान मुंबईच्या गोदीनें फार मोठी किंमत देऊन एक धडा दिला होता. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटीवर आग लागली. बोटीवर हजारों गासड्या कापूस होता आणि सुमारें १,४०० टन स्फोटक माल. नऊशें टनांहून अधिक पाणी आंत ओतलें गेलें, तरी विस्तव सांपडला नाहीं. दुपारीं चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान कामावरच गेले. नळी धरण्याच्या कलेंत त्यांच्याहून निष्णात कोण होतें? पण स्फोटकांची खूण असलेला तांबडा बावटा बोटीवर नव्हता. कोणता माल जळत आहे आणि नळी टाकून केव्हां निघावयाचें, हेंहि या शिक्षणाचें अंग आहे. किंबहुना तेंच अवघड अंग आहे.

शिंदखेड्याच्या शेजारच्या शिरपूर तालुक्यांत वाघाडी येथें ३१ ऑगस्ट २०१९ रोजीं रसायनांच्या कारखान्यांत स्फोट होऊन बारांहून अधिक माणसें दगावलीं. अशा स्फोटापुढें भिंतीवरची नळी काय करणार? तेथें धरावयाची असते ती वाट.

शिक्षणाच्या संस्था आज नाहींत असें नाहीं. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५६ सालीं रामपूर येथें निघालें व पुढल्याच वर्षीं नागपुरास आलें. मुंबईंत सांताक्रूझ येथें राज्याचें प्रशिक्षण केंद्र आहे. तेथें घडतात ते अधिकारी व जवान. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानें जानेवारी व जुलै अशीं वर्षांतून दोन प्रमाणपत्रें मागितलीं. तीं यंत्रणा चालू असल्याचीं, ती चालविणाऱ्या हातांचीं नव्हेत. गोदीच्या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा सप्ताह पाळतात, त्यांत कारखान्यांतून प्रात्यक्षिकें होतात. पण एप्रिलच्या मध्यावर जिनांचा हंगाम ओसरत आलेला असतो आणि ज्यांनीं नळी धरावयाची त्यांतले कितीतरी मजूर गांवची वाट धरून गेलेले असतात. पुढल्या हंगामीं येणारे चेहरे तेच असतील असेंहि नाहीं.

खरें पाहतां त्यांना नागपूरला पाठविण्याची गरज नाहीं. जवळच्या नगरपालिकेच्या अग्निशमन दलांतील एक जाणता माणूस, हजेरीपटावर नांव चढल्याबरोबरचा अर्धा तास आणि भरलेली टाकी इतकें पुरतें. प्रत्येकानें एकदां झडप उघडून, नळी ओढून, फवारा व धार यांतला फरक स्वतःच्या मनगटाला कळवून घ्यावा. टाकीची अट मात्र शिंदखेड्यासारख्या अवर्षणाच्या तालुक्यांत हलकी नाहीं. उन्हाळ्यांत जेथें पिण्याच्या पाण्याची वाट पाहावी लागते तेथें सरावासाठीं पाणी सांडणें मालकाच्या आणि मजुराच्याहि जिवावर येतें. म्हणून हा सराव दिवाळीच्या सुमारास, विहिरींना पाणी आहे तोंवर आणि पहिला ढीग पडण्यापूर्वींच उरकावा लागतो.