बातमी पोहोचेपर्यंत : एका खेळातल्या अंतराळ-साम्राज्याचा इतिहास

इतिहासाच्या व्याख्यानमालेत अंतराळाचं काय काम, असं मघाशी चहा घेताना एका ज्येष्ठ श्रोत्यांनी मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. आज ज्या साम्राज्याबद्दल मी बोलणार आहे, त्यात सुमारे अकरा हजार जगं आहेत, त्याला सम्राट आहे, सरहद्दीवर युद्धं आहेत, आणि ते कधीही अस्तित्वात नव्हतं. (हशा) तरीही इतिहास शिकवताना जी गोष्ट मला वर्गात नीट समजावता येत नव्हती, ती या साम्राज्यामुळे मला समजावता आली. ती गोष्ट म्हणजे बातमीचा वेग.

आधी खेळ कसा असतो ते सांगतो. चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात. एक जण रेफ्री होतो. तो जग उभं करतो, प्रसंग सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि ‘मी आता असं करतो’ असं म्हणत जातात. जिथे निकाल अनिश्चित, तिथे फासे टाकायचे. अशी मोहीम महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालते. या प्रकारातला पहिला प्रसिद्ध खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, १९७४ सालचा. त्यात तलवारी, जादू, भुयारं. तीनच वर्षांनी, १९७७ मध्ये, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या एका गावातून अंतराळाचा खेळ निघाला. गावाचं नाव ‘नॉर्मल’. (हशा) कंपनीचं नाव ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’, खेळाचं नाव ‘ट्रॅव्हलर’ आणि कर्ता मार्क मिलर. मिलर अमेरिकी सैन्यात होते, व्हिएतनाममध्ये राहून आले होते. त्यांची कंपनी मुळात युद्धखेळ करायची, म्हणजे नकाशा, सोंगट्या, रसद यांचा हिशेब. ही पार्श्वभूमी लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ज्या कथाप्रकारावर हा खेळ बेतला आहे त्याला ‘स्पेस ऑपेरा’ म्हणतात. विल्सन टकर या लेखकाने १९४१ मध्ये हा शब्द वापरला तो चक्क हिणवण्यासाठी. भडक, ठोकळेबाज अंतराळकथा, असा अर्थ. पुढे शब्दातली हेटाळणी गळून गेली आणि भव्य साम्राज्यं, जहाजं, व्यापारी, बंडखोर यांच्या कथा एवढाच अर्थ उरला.

आता गंमत बघा. १९७७ च्या त्या पेटीत तीन लहान काळी पुस्तकं होती. पात्रं कशी करायची, जहाजं कशी बांधायची, जगं कशी निर्माण करायची, हे त्यांत होतं. तयार विश्व मात्र जवळजवळ नव्हतंच. कुठेतरी दूर एक मध्यवर्ती सत्ता आहे, एवढीच पुसट खूण. बाकी सगळं तुमचं तुम्ही करा. पण विश्व दिलं नाही तरी मिलर यांनी एक अट घातली, आणि त्या एका अटीत अख्खं विश्व दडलेलं होतं.

अट अशी. जहाज एका ‘जंप’मध्ये एक ते सहा पारसेक जातं. पारसेक म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षांच्या आसपास. अंतर कमी असो की जास्त, एका जंपला साधारण एक आठवडा लागतो. आणि ताऱ्यांमध्ये रेडिओ नाही, तार नाही, फोन नाही. निरोप न्यायचा तर जहाजातूनच. पहिल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच सांगितलंय की माणूस ताऱ्यांपर्यंत पोहोचेल, पण दळणवळण मात्र अठराव्या शतकाच्या पातळीवर परत जाईल.

मंडळी, हे वाक्य आपण महाराष्ट्रात बसून वाचतो तेव्हा त्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. अठराव्या शतकाचे आपण भुक्तभोगी आहोत. १७७५ चा मार्च घ्या. मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांशी सुरतेचा तह केला आणि त्यांना पेशवाईवर बसवण्यासाठी फौज दिली. हे कलकत्त्याच्या कौन्सिलला कळलं तेव्हा त्यांनी तो तह अमान्य केला, कर्नल अप्टनला पुण्याला धाडलं आणि १७७६ च्या मार्चमध्ये पुरंदरचा तह झाला. झालं, प्रकरण मिटलं? नाही. त्यानंतर लंडनहून संचालकांचा खलिता आला, आणि त्यात सुरतेच्या तहाला मान्यता होती! एकाच कंपनीची तीन डोकी. लंडनला पत्र जाऊन उत्तर यायला वर्ष-दीड वर्ष, आणि तेवढ्या अवधीत प्रत्येकाने आपापल्या बुद्धीने निर्णय घेऊन टाकलेला. त्या गोंधळातून लढाई पुन्हा पेटली, आणि जानेवारी १७७९ मध्ये मुंबईकरांची फौज वडगावला मराठ्यांच्या कोंडीत सापडली.

विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते विचारायचे, ‘सर, ते एकमेकांना विचारत का नव्हते?’ हातात मोबाइल असलेल्या मुलाला हा प्रश्न पडणारच. मग एका वर्षी काही मुलांबरोबर मी हा खेळ खेळलो. एक मुलगी सरहद्दीवरच्या ग्रहाची राज्यपाल झाली. शेजारचं राज्य चढाई करणार अशी कुणकुण तिला लागली. राजधानीला विचारायचं तर जायला-यायला कित्येक आठवडे. ती थांबली नाही. तिने तह करून टाकला. चार बैठकांनंतर राजधानीचं जहाज आलं आणि हुकूम नेमका उलटा निघाला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘म्हणजे सुरतचं असं झालं होतं होय!’ पुढे त्या वर्गाला पहिलं इंग्रज-मराठा युद्ध मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

ज्यांना स्वतःचं अंतराळविश्व रचायचं आहे, त्यांना म्हणून मी सांगतो की ताऱ्यांची नावं आणि राजघराण्यांच्या वंशावळी नंतर. आधी ठरवा, बातमी किती वेगाने जाते. ती मंद असेल तर सरहद्दीवरच्या माणसाच्या हाती सत्ता आपोआप येते. सरंजामदार का हवेत, आरमाराच्या सेनापतीला एवढे अधिकार का, भावाची आगाऊ खबर असलेला व्यापारी श्रीमंत का होतो, याची उत्तरं त्या एका अटीतून निघतात. ट्रॅव्हलरच्या साम्राज्यात पुढे निरोपाची जहाजं आली. एका जहाजाने एक टप्पा मारायचा, तिथे दुसरं तयार. आपल्याकडच्या टप्प्याच्या डाकेसारखंच. तरी राजधानीची बातमी सीमेवर यायला महिनोन्‌महिने लागतातच.

दुसरी गोष्ट पैशाची. या खेळातलं दोनशे टनी साधं व्यापारी जहाज घ्या. किंमत ३ कोटी ७० लाख क्रेडिटच्या आसपास. वीस टक्के आधी भरायचे आणि मग दरमहा मूळ किमतीचा २४० वा भाग, असे ४८० हप्ते. चाळीस वर्षं! (हशा) हसू नका, घराचं कर्ज घेतलेले इथे बरेच असतील. हप्ता दीड लाखाच्या थोडा वर. माल भरायची जागा ८२ टन, भाडं टनाला हजार. महिन्यात दोन फेऱ्या पूर्ण भरून मारल्या तर १ लाख ६४ हजार. म्हणजे मालाचं भाडं हप्त्यातच गेलं. इंधन, खलाशांचा पगार, बंदराचं भाडं कुठून आणायचं? मग उतारू घ्या, स्वतः माल घेऊन सट्टा करा, नाहीतर रात्री बंदरावर कुणी ‘प्रश्न न विचारता हे पोहोचवाल का’ म्हणालं तर हो म्हणा. कथा तिथून सुरू होते. रेफ्रीला खलनायक शोधावा लागत नाही, बँक आहेच.

तिसरी गोष्ट मला इतिहासकार म्हणून सगळ्यांत आवडते. जगं फाशांनी करायची. आठ बाय दहा षटकोनांचा नकाशा. प्रत्येक षटकोनासाठी फासा टाका. चार, पाच, सहा पडलं तर तिथे जग आहे. मग त्या जगाचा आकार, त्यावरून हवा, पाणी. मग लोकसंख्या, लोकसंख्येवरून राज्यपद्धती, राज्यपद्धतीवरून कायद्याचा कडकपणा. शेवटी तंत्रज्ञान. हाती येते फक्त अंकांची एक ओळ. ती ओळ पुष्कळदा विक्षिप्त असते. समजा असं आलं की हवा नाही, लोकसंख्या अब्जावधी, बंदर भिकार, तंत्रज्ञान विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. आता हे लोक जगतात कसे? नवखा रेफ्री म्हणतो, ‘चुकलं, पुन्हा टाका.’ मुरलेला रेफ्री थांबतो.

आपल्या कामात तरी दुसरं काय असतं? दफ्तरात एक कागद सापडतो. त्यात न जुळणारे दोन आकडे असतात. कागद फेकून देता येत नाही. दोन्ही आकडे खरे धरायचे आणि विचारायचं, काय घडलं असेल म्हणजे हे दोन्ही खरे ठरतील? त्या बिनहवेच्या जगाचं उत्तर आम्ही असं काढलं. जमिनीखालची ही शहरं दुसऱ्या कुणीतरी, खाणींसाठी बांधली. ते मालक निघून गेले. मागे राहिलेल्यांना हवेची यंत्रं दुरुस्त करता येतात, नवी बनवता येत नाहीत. सुटे भाग बाहेरून येतात. मग जो सुटे भाग विकतो, त्याच्या हातात अब्जावधी माणसांचा श्वास. बघा, सरकार, तस्करी, बंड, सगळं त्या ओळीतून आलं. फाशांनी प्रश्न टाकला, इतिहास आपण लिहिला.

आता या खेळाचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण त्यात एक धडा आहे. खेळणाऱ्यांनी तयार विश्व मागितलं आणि कंपनीने ते दिलं. १९७९ मध्ये ‘स्पिनवर्ड मार्चेस’ नावाचा सरहद्दीचा प्रांत छापला, चारशेहून अधिक जगांचा. हळूहळू ‘तिसरं साम्राज्य’ उभं राहिलं. त्याआधीची दोन साम्राज्यं, मधलं अंधारयुग, कालगणना, सम्राट स्ट्रेफॉन. लोकांनी ते मनापासून स्वीकारलं. स्वतःच्या टेबलावरचा इतिहास त्या छापील इतिहासाला जोडला.

मग १९८७ च्या नव्या आवृत्तीत कंपनीने सम्राटाचा खून घडवला. साम्राज्यात यादवी. १९९३ च्या आवृत्तीत तर एका संगणकी विषाणूने सगळी संस्कृतीच मोडून टाकली. ज्यांनी वर्षानुवर्षं त्या ग्रहांवर मोहिमा खेळल्या, त्यांतले कित्येक नाराज झाले. १९९६ मध्ये कंपनी बंद पडली. १९९८ मध्ये दुसऱ्या एका प्रकाशकाने परवाना घेऊन हेच विश्व पुन्हा काढलं, त्यात तो खून झालाच नव्हता! इतिहास मागे फिरवला. असं भाग्य प्रत्यक्षात कुणाला लाभत नाही. पण मला विचाराल तर गफलत आधीच झाली होती. पहिल्या पेटीत लोकांच्या हाती इतिहास लिहिण्याची साधनं दिली होती. नंतर लोक तयार इतिहास विकत घेऊ लागले. आणि विकतचा इतिहास विकणारा कधीही बदलू शकतो.

शेवटचा मुद्दा, आणि तो जरा टोचणारा आहे. अठराव्या शतकाचं दळणवळण घेतलं की त्याबरोबर अठराव्या शतकाची नजरही येते. या खेळातली पात्रं बहुतेक आरमारातून, सैन्यातून किंवा व्यापारी जहाजांवरून निवृत्त झालेली माणसं. ती जहाजातून कमी तंत्रज्ञानाच्या जगावर उतरतात. सरहद्द हा शब्दच राजधानीकडून बघणाऱ्याचा आहे. जो तिथे राहतो त्याच्यासाठी ती सरहद्द नसते, ते घर असतं. खेळाच्या तक्त्यांत चाचेही येतात. मुलांना मी विचारलं, चाचा कोण? ती म्हणाली, जहाज अडवतो तो. मग मी कान्होजी आंग्र्यांचं नाव घेतलं. इंग्रजांच्या कागदांत कान्होजी चाचे. आपल्या कागदांत ते मराठी आरमाराचे सरखेल. आपल्या पाण्यातून जाणाऱ्याने दस्तक घ्यावं, नाहीतर जहाज धरू, हा त्यांचा हक्क. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. माणूस एकच, नोंदवह्या दोन. आणि बातमी मंद असली की दूरच्या राजधानीत जी नोंदवही आधी पोहोचते, तीच खरी ठरते.

आमच्या त्या बिनहवेच्या जगाने मोहिमेच्या अखेरीस जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांकडून सुट्या भागांच्या रूपात जकात घ्यायला सुरुवात केली. साम्राज्याच्या दफ्तरात नोंद झाली, चाच्यांचा अड्डा. त्या दिवशी मुलांनी आपली जुनी पात्रं बाजूला ठेवली आणि विचारलं, ‘आता आम्ही बंदरावरची माणसं होऊन खेळू का?’ नकाशा तोच, फासे तेच. बाकी सगळं बदललं.

तेव्हा विश्व रचणाऱ्यांना एवढंच सांगतो. बातमी किती दिवसांत पोहोचते ते ठरवा, आणि ती कुणी लिहिलेली आहे ते विसरू नका. इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि ज्यांना फासे टाकायचे आहेत, त्यांनी मागे थांबा, मी आणलेत. (हशा, टाळ्या)