रंगो बापूजी कुठे गेले?

वसईजवळच्या गिरीज गावी वज्रगडाची टेकडी आहे. १७३९ च्या वसई मोहिमेशी तिचं नाव जोडलेलं आहे. जिंकलेल्या लढाईची खूण अशी उंचावर असते, ती सर्वांना दिसते. पण हरलेल्या माणसाची? गिरीज २०१४ पर्यंत ज्या ठाणे जिल्ह्यात होतं, त्याच जिल्ह्याच्या ठाणे शहरात जांभळी नाक्याच्या चौकाला एका बेपत्ता झालेल्या वृद्धाचं नाव आहे. ते नाव रंगो बापूजी गुप्ते यांचं.

कंपनी सरकारने १८३९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं आणि काशीला धाडलं. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं, शिपाई फितवले, असे आरोप होते. ही फिर्याद घेऊन रंगो बापूजी विलायतेला गेले, ते तेरा-चौदा वर्षं तिथेच राहिले. अर्ज केले, कागद छापले, कंपनीच्या भागीदारांपुढे भांडले. जॉर्ज टॉमसन, जोसेफ ह्यूम यांच्यासारखे इंग्रजही त्यांच्या बाजूने बोलले. पण १८४७ साली महाराज काशीला वारले आणि १८४८ साली डलहौसीने राज्यच खालसा केलं. अशील गेला, गादी गेली. वकील तेवढा उरला!

ते हात हलवीत परतले. १८५७ साली साताऱ्यातला कट फुटला. सरकारने रंगो बापूजींना सूत्रधार ठरवून पकडण्यासाठी इनाम लावलं. ठाण्याला आले असता ते वेष पालटून निसटले, असं सांगतात. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला. त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. बापाचा पत्ता मात्र लागला नाही तो नाहीच.

आपल्याकडे परागंदा माणसाची बारा वर्षं वाट पाहून उत्तरकार्य करण्याची रूढी आहे. तिथी ठाऊक नसेल, तर सर्वपित्रीला पान वाढतात. इथे मुलाच्या मरणाचा दिवस सरकारी दप्तरात लागला, बापाचा कुठेच नाही. चौदा वर्षं प्रत्येक गोष्ट कागदावर मांडणारा हा माणूस जाताना एक चिठ्ठीही मागे ठेवून गेला नाही.

आणि पहा, म्हातारा माणूस, ओळखीचा चेहरा, डोक्यावर इनाम. एकट्याने लपणं कठीणच. कुणीतरी दार उघडलं असेल, भाकरी वाढली असेल, आणि इनामाचा मोह सोडून तोंड मिटून घेतलं असेल. चौकाला रंगो बापूजींचं नाव मिळालं. त्या माणसांना कसलंच नाव नाही.