टीव्हीतली पाखरं आणि शिवारातली पाखरं



मालिकेत दिवाळी असते, दारात आकाशकंदील असतो आणि मागं कोकीळ कुहूकुहू करत असतो. आष्टीच्या शिवारात राबणाऱ्या बाईला मात्र ठाऊक आहे, की कोकीळ गातो उन्हाळ्यात, आंब्याला कैऱ्या लागल्यावर. थंडीत तो बहुतेक गप्पच. आणि गातो तो काळा नर. ठिपक्यांची मादी नुसतं 'किक् किक्' करते.

मग हा आवाज येतो कुठून?

पाखराचं यंत्रात भरलेलं, आज माहीत असलेलं सगळ्यात जुनं गाणं १८८९ सालचं. जर्मनीतल्या लुडविग कॉख या लहान मुलानं ते फोनोग्राफवर भरलं. पाखरू होतं शामा, आपल्या सह्याद्रीतही राहणारं. पुढं १९३१ साली 'आलम आरा' आणि १९३२ साली 'अयोध्येचा राजा' आला. सिनेमा बोलू लागला. पण चित्रीकरणाच्या गडबडीत रानातले आवाज नीट भरता येत नाहीत. म्हणून ते मागून जोडतात, आणि एकदा भरलेला आवाज कितीदाही वापरतात. हॉलिवूडच्या जुन्या टारझनपटांत आफ्रिकेच्या जंगलात ऑस्ट्रेलियाचा कूकाबुरा ओरडतो, तो असाच. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, पुढं घरोघरी टीव्ही आला आणि ही रीतही घरात आली.

यात आपलं काय बिघडलं? भुताचा प्रसंग आला की घुबडाचा घुत्कार, मरणाचा आला की टिटवी. पोरांच्या मनात भीती बसते. खरं तर टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, कुणी जवळ गेलं की पिलांसाठी ओरडते. आईच्या ओरडण्यात अपशकुन कसला? आणि घुबड उंदीर खातं. त्याला दगड मारला तर कणगीतलं धान्य आपलंच जातं.

पावशाचं 'पेरते व्हा' ऐकून आपल्या आज्या पेरणीच्या तयारीला लागायच्या. शेजारच्या पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांचं अभयारण्य आहे. मोर खरा कसा ओरडतो, ते पोरांना तिथं ऐकवता येईल.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत एवढं करा. गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा, कोणतं पाखरू कोणत्या महिन्यात बोलतं. ती सांगेल ते वहीत लिहून ठेवा. असली माहिती टीव्हीवर मिळणार नाही.